हवा किती आहे?

चिपळूणला हायवेला लागून मामाचं टायरचं दुकान होतं. पंक्चर, हवा, बॅलन्सिंग, आणि पुढे कधीतरी अलाइनमेंटचं मशीनही आलं. माझी उन्हाळ्याची सुट्टी तिथेच जायची आणि सुट्टीचा शेवटचा आठवडा नेमका पहिल्या पावसात सापडायचा. त्या आठवड्यात येणाऱ्या दर तिसऱ्या गिऱ्हाइकाचं एकच म्हणणं असायचं, "पावसाळा लागला मामा, हवा दोन-तीन पॉइंट कमीच ठेवा. पकड चांगली राहते." मामा ऐकून घ्यायचा, पाइप लावायचा आणि गाडीच्या दारावरच्या तक्त्यात लिहिली असेल तेवढी पूर्ण हवा भरायचा. कुणी हुज्जत घातलीच तर म्हणायचा, "घाटात पाणी कापायचं तर टायर ताठ लागतो. मऊ टायर पाण्यावर बसतो. एकदा का पाण्यावर बसला, की स्टिअरिंग तुझ्या हातात नुसतं शोभेला."

तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा. त्या बोलण्याचा अर्थ मला लागला तो वीसेक वर्षांनी, पुण्यात, जुलैतल्या एका रात्री, स्पा-फ्रँकोरशाँच्या ट्रॅकवर.

स्पा बेल्जियममध्ये आहे आणि मी माझ्या खोलीत होतो. टेबलाला स्टिअरिंग आवळलेलं, पायाखाली पेडल, पडद्यावर 'असेट्टो कोर्सा काँपेटिझिओने'. कुनोस सिम्युलाझिओनी या इटालियन कंपनीचा हा खेळ 2019 साली पूर्ण रूपात आला. त्यात जीटी3 वर्गाच्या खऱ्या शर्यतीच्या गाड्या आहेत आणि प्रत्येक गाडीचं पान उघडून तिचा स्क्रू न् स्क्रू फिरवता येतो. बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून मी आतही पाऊस लावला. 7.004 किलोमीटरची ती फेरी कोरड्या रस्त्यावर मी 2 मिनिटं 19 सेकंदांत मारत असे. त्या रात्री पहिली फेरी पूर्णच झाली नाही. ला सूर्सच्या हेअरपिनमधून बाहेर पडताना उजवा पाय जरासा जास्त दाबला गेला आणि गाडी शेपटावर फिरली. दुसऱ्या खेपेला टेकडी चढून सरळ रस्त्याला लागलो, पण पुढे उतारावरच्या लांब डाव्या वळणात गाडी वळलीच नाही. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, आणि गाडी सरळ निघालेली.

मग मी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी थांबवून दुरुस्त करायच्या जागी, येऊन सेटअपचं पान उघडलं आणि पावसात करायच्या म्हणून ज्या गोष्टी ऐकल्या होत्या त्या एकेक करत गेलो. स्प्रिंग मऊ केल्या. वळणात गाडीला कलू न देणारे दांडे, म्हणजे अँटी-रोल बार, मऊ केले. गाडी थोडी उंच केली, हवेच्या जोराने गाडीला खाली दाबणारा मागचा विंग वाढवला. आणि मऊ करायचंच तर सगळंच करावं म्हणून टायरची हवाही उतरवली. गाडी आणखी बिघडली. सरळ रस्त्यावरसुद्धा पाण्याच्या पट्ट्यावरून जाताना स्टिअरिंग एकदम हलकं व्हायचं. हातात जिवंत वजन असतं ते कुणीतरी काढून घेतल्यासारखं. तो हलकेपणा अनुभवल्याशिवाय कळत नाही. मोटर लावलेलं स्टिअरिंग टायरवरचा भार हाताला सांगत असतं, आणि तो भार जातो तेव्हा हातांना आधी कळतं, डोळ्यांना मागाहून.

पडद्याच्या कोपऱ्यात चारही टायरचे आकडे होते, सगळे 26-27 पॉइंटच्या आसपास. कोरड्यात या गाड्यांना तेवढीच हवा मानवते. पावसाचे टायर मात्र 30 च्या आसपास लागतात, आणि त्यात आणखी एक गोम आहे. पाणी टायर थंड ठेवतं, त्यामुळे कोरड्यात फेऱ्या मारताना टायर तापून हवा जशी फुगते तशी पावसात फुगत नाही. पिटमध्ये भरताना आधीच जास्त भरावी लागते. मी भरली आणि ट्रॅकवर गेलो. त्याच पाण्याच्या पट्ट्यावरून गेलो, आणि स्टिअरिंग हातात राहिलं.

तेव्हा दुकानातला कॉम्प्रेसरचा आवाज आठवला.

यामागचं शास्त्र सुंदर आहे. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाणी शिरतं. नक्षीच्या खाचांमधून त्याला वाट मिळाली तर ते बाहेर पडतं. वेग वाढला की पाण्याला तेवढा वेळ मिळत नाही, टायरच्या पुढ्यात त्याची पाचर तयार होते आणि ती टायरला खालून उचलते. त्या पाचरीशी झुंजते ती आतली हवा. हवा कमी असेल तर टायरचा तळवा पसरतो, मधून आत दबतो, खाचा मिटतात आणि पाण्याला बसायला जागा मिळते. नासाच्या लँगली केंद्रात 1960 च्या दशकात विमानांच्या टायरवर यासंबंधी प्रयोग झाले आणि त्यातून एक सुटसुटीत सूत्र निघालं. पीएसआयमधल्या, म्हणजे आपल्या पॉइंटमधल्या, दाबाचं वर्गमूळ काढायचं, नऊने गुणायचं. जेवढे नॉट येतील त्या वेगाला टायर तरंगायला लागतो. 25 पॉइंट हवा असेल तर 45 नॉट, म्हणजे ताशी 83 किलोमीटर. 36 असेल तर 54 नॉट, म्हणजे ताशी 100. नक्षी असलेल्या मोटारीच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण दिशा तीच. मामाने वर्गमूळ काढलं नसेल. त्याने घाटातून ओढून आणलेल्या गाड्या पाहिल्या होत्या.

आणि ज्यांच्यासाठी पैशाला मर्यादा नसते त्यांचे टायर काय करतात तेही सांगतो. फॉर्म्युला वनचा भर पावसाचा पिरेलीचा टायर ताशी 300 किलोमीटर वेगाला दर सेकंदाला 85 लिटर पाणी बाहेर फेकतो. एक टायर. आपल्या आंघोळीच्या चार बादल्या भरून वर उरेल एवढं पाणी. मधल्या ओल्यासाठी जो इंटरमीजिएट टायर असतो तो 30 लिटर फेकतो. हे वाचल्यापासून शर्यतीतल्या गाडीमागचा पांढरा फवारा मला नुसता फवारा वाटत नाही.

खेळांमधला पाऊस फार हळूहळू खरा होत गेला. मी तो पहिल्यांदा पाहिला 'ग्रॅन टुरिस्मो 3'मध्ये. 2001 सालचा खेळ. रात्रीचा शहरातला ट्रॅक, 'स्पेशल स्टेज रूट 5', आणि त्याचा ओला अवतार. दिव्यांची प्रतिबिंबं डांबरावर लांबच लांब पसरलेली. गेमिंग पार्लरमध्ये तासाचे पैसे मोजून मी ते नुसतं बघत बसायचो. 2015 च्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट 6'मध्ये डबकी आली. ठरलेल्या जागी साचलेली, खोली असलेली, चाक पडलं की गाडी खेचून नेणारी. आता 'ग्रॅन टुरिस्मो 7'मध्ये ढगांचा रडार नकाशा समोर असतो, टायरच्या चित्राशेजारी रस्त्यावरच्या पाण्याची पट्टी वर-खाली होते, आणि गाड्या जिथून जातात तेवढा पट्टा आधी वाळतो.

पण मला बोलायचंय ते गाड्यांबद्दल. कोरड्या रस्त्यावर टायर इतके चांगले असतात की गाडीचे दोष ते पोटात घालतात. पावसात तो आधार जातो. इंजिन कुठे ठेवलंय, ताकद कुठल्या चाकांना जाते, वजन कुणीकडे झुकतंय, हे सगळं पहिल्या तीन वळणांत उघडं होतं. म्हणून नवी गाडी घेतली की मी तिला आधी पावसात नेतो.

पोर्शे 911 ची जीटी3 आर घ्या. हिचं इंजिन मागच्या आसाच्याही मागे. नाक हलकं. पावसात ती वळणाच्या तोंडाशी हट्ट धरते, वळत नाही. तिला वळवायचं तर ब्रेक एकदम सोडून चालत नाही. वळणात शिरताना तो थोडा थोडा सैल करत न्यायचा, म्हणजे वजन नाकावर टिकून राहतं आणि पुढचे टायर रस्ता धरतात. एवढं सांभाळलं की वळणातून निघताना ती सगळं परत देते. मागच्या चाकांवर इंजिनचं सगळं वजन बसलेलं असतं, आणि इतर गाड्या चाकं फिरवत उभ्या असताना ही निघून जाते. पावसात माझी सर्वांत आवडती गाडी हीच. तिच्याशी ओळख व्हायला मला दोन महिने लागले.

मर्सिडीज-एएमजी जीटी3 याच्या उलट. लांब नाक, त्यात 6.2 लिटरचं व्ही8, आणि चालक जवळजवळ मागच्या चाकांपाशी बसलेला. वळणात शिरताना ती समजूतदार. निघताना त्या इंजिनची ओढ खालपासूनच इतकी असते की उजव्या पायाला फार जपावं लागतं. इथे ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकं जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा, दोन-तीन पायऱ्या वाढवायचा, आणि त्याहून उपयोगाचं म्हणजे एक गिअर वरचा वापरायचा. कोरड्यात दुसऱ्यात घेतलेलं वळण पावसात तिसऱ्यात. इंजिन थोडं गुदमरल्यासारखं होतं, पण चाकांपर्यंत जाणारा धक्का मऊ होतो. घाटात मामा जीप चालवायचा तेव्हा ओल्या चढणीवर हेच करायचा.

'ग्रॅन टुरिस्मो 7'मध्ये सुझुकीची स्विफ्ट स्पोर्ट आहे. आपल्या रस्त्यांवर जिची बहीण पावलोपावली दिसते ती. पुढची चाकं ओढतात, पुढचीच वळवतात, आणि पावसात एकाच वेळी दोन्ही कामं त्यांना झेपत नाहीत. नाक बाहेर जायला लागलं की नवा माणूस स्टिअरिंग आणखी फिरवतो. खरं तर पाय उचलायचा, हात थोडे सरळ करायचे आणि अर्धा सेकंद थांबायचं. टायर परत धरतो. पुढचा अँटी-रोल बार मऊ केला, दोन चाकांत ओढ वाटणाऱ्या मर्यादित घसरणीच्या डिफरन्शियलचा जोर कमी केला, की ही छोटी गाडी ओल्यात तिच्या दुप्पट ताकदीच्या गाड्यांना वळणात गाठते.

आणि मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन. चारही चाकांना ओढ. पावसात पहिल्यांदा चालवणाऱ्याला ती देवाची देणगी वाटते, कारण वळणातून ती दोरीने खेचल्यासारखी निघते. धोका तिथेच आहे. निघताना चारही चाकं ओढतात, पण थांबवायला प्रत्येक गाडीला चारच चाकं असतात. लान्सर सरळ रस्त्यावर बाकीच्यांपेक्षा ताशी 15 किलोमीटर जास्त वेग जमवते आणि पुढच्या वळणाला तेवढा वेग जास्त उतरवावा लागतो. पावसाळ्यात घाटात मोठ्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या कठड्याला टेकलेल्या दिसतात, तेव्हा मला हेच आठवतं.

ब्रेकच्या वाटणीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट मला फार उशिरा कळली आणि कळल्यावर झोप उडाली होती. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून पुढच्या चाकांना ब्रेकचा जास्त वाटा दिलेला असतो. समजा शंभरातले 58 पुढे, 42 मागे. पाऊस आला की मनात येतं, मागचं चाक लॉक होऊन गाडी फिरेल, तर वाटा आणखी पुढे सरकवावा. मी वर्षभर तसंच करत होतो आणि प्रत्येक वळणाला पुढची चाकं लॉक होऊन सरळ जात होतो. घडतं ते वेगळंच. ओल्या रस्त्यावर गाडी तेवढ्या जोराने थांबतच नाही. जोर कमी म्हणजे वजनही कमी झुकतं. म्हणजे पुढच्या चाकांवर कोरड्यात असतो तेवढा भार नसतो आणि मागची चाकं समजतो तेवढी हलकी नसतात. म्हणून वाटा दीड-दोन टक्के मागे न्यायचा. एक टक्का नेऊन बघायचं, मग अर्धा. एका टप्प्यावर गाडी ब्रेकखाली चारही पायांवर सारखी बसते. कुत्रं बसायला सांगितल्यावर बसतं तशी. तिथे थांबायचं. त्यापुढे अर्धा टक्का गेलात की शेपूट डोकावायला लागतं.

कॅम्बरचंही तसंच. वळणात गाडी कलते म्हणून चाकं वरून आत झुकवलेली असतात. पावसात वळणाचा जोर कमी, कल कमी, म्हणून तो झुकावही थोडा कमी हवा. आणि ब्रेकला थंड हवा देणारे मार्ग बंद करत आणायचे, कारण पावसात ब्रेक तापतच नाहीत. प्रत्येक गोष्टीचं मूळ एकच निघतं: पकड कमी, म्हणून सगळे जोर कमी, म्हणून जोरांसाठी केलेली सगळी तयारी मागे घ्यायची. हे एकदा उमगल्यावर मला कुणाचं तयार सेटअप उतरवून घ्यावंसं वाटलं नाही.

मग रस्ता. कोरड्या ट्रॅकवर जिथून सगळ्या गाड्या जातात तिथे रबर बसतं आणि तोच सर्वांत चिकट पट्टा असतो. पाऊस पडला की तोच पट्टा सर्वांत निसरडा. रबर आणि तेल मिळून डांबराची छिद्रं बुजलेली असतात, वरून पाणी. म्हणून पावसात वळणाच्या आतल्या कडेला जायचं नाही, बाहेरून, जिथे कुणी जात नाही अशा खरखरीत डांबरावरून जायचं. प्रत्येक खेळात हे सारखं उतरलेलं नाही, पण जिथे उतरलंय तिथे ती वाट शोधण्यात माझे तासन् तास गेलेत. आपल्या घाटांतही ट्रकच्या चाकांनी घासून चकचकीत झालेले दोन पट्टे असतात. पहिल्या पावसात त्यांच्यावर तेलाचे इंद्रधनुषी डाग उमटतात. मामा दुचाकीवाल्यांना सांगायचा, "चकाकतंय तिथनं जाऊ नको."

11 एप्रिल 1993 चा, इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या ट्रॅकवरचा, पावसातल्या फॉर्म्युला वन शर्यतीचा दिवस मी कितीदा पाहिला असेल, मोजलं नाही. आयर्टन सेनाची मॅक्लारेन त्या वर्षी विल्यम्सपेक्षा ताकदीने कमी होती. पहिल्या वळणाला तो पाचवा. पहिली फेरी संपताना पहिला. मधे एकेक करून मागे टाकले ते शूमाकर, वेंडलिंगर, हिल, प्रॉस्ट. वेंडलिंगरला त्याने क्रेनर कर्व्ह्जच्या उतारावर बाहेरून गाठलं, जिथे कोरड्यात कुणी बाहेरून जाण्याचा विचारही करणार नाही. पूर्वी मला त्यात धाडस दिसायचं. आता दिसतं की त्याला तिथलं डांबर माहीत होतं.

आपल्या देशात ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. तिन्ही व्हेटेलने जिंकल्या, तिन्ही कोरड्या. कोडमास्टर्सच्या 2011 च्या खेळात हा ट्रॅक होता आणि तिथे पाऊस पाडता यायचा. 5.125 किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर मी एक आख्खी संध्याकाळ पावसात एकटा फिरलो होतो. आपल्या मातीवरचा पाऊस आणि त्यात आपल्या देशातली शर्यत. खऱ्यात जे दिसलं नाही ते निदान असं बघून घेतलं.

गेल्या श्रावणात मामा पुण्याला आला होता. डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता, दुकान आता मामेभाऊ बघतो. रात्री जेवण झाल्यावर तो माझ्या खोलीत आला आणि स्टिअरिंगवर हात फिरवत उभा राहिला. "हे खरंच ओढतं का रे?" मी खुर्ची दिली. स्पा लावलं, मर्सिडीज, मध्यम पाऊस. गाडी पिटमधून निघाली, समोरची काच पाण्याने भरली आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो वायपरचा. या खेळात वायपर आपला आपण चालू करावा लागतो. मी बटण दाखवलं.

तो हळू चालवत होता. इतर गाड्या फवारा उडवत दोन्ही बाजूंनी निघून जात होत्या आणि तो प्रत्येकीला डावीकडे सरकून वाट देत होता. वळणात शिरण्याच्या खूप आधी ब्रेकवर पाय, हलका, आणि वळण संपेपर्यंत उजवा पाय निवांत. चढणीवर एकदा शेपूट सरकलं. त्याने स्टिअरिंग जेमतेम दोन बोटं उलट दिलं आणि गाडी सरळ झाली. मी काही शिकवलं नव्हतं. फेरीला चार मिनिटं लागली. एकही चाक पांढऱ्या रेषेबाहेर गेलं नाही.

दुसरी फेरी सुरू झाली आणि सरळ रस्त्यावर त्याने न वळता विचारलं, "हवा किती आहे?"

मी कोपऱ्यातल्या आकड्यांवर बोट ठेवलं. डोळे बारीक करून त्याने चारही वाचले. उजवीकडचे दोन्ही 30 च्या थोडे वर, मागचा डावा 30, पुढचा डावा 29.3. मी सांगायला लागलो की हा ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, उजवी वळणं जास्त, डाव्या टायरांवर भार जास्त येतो, ते जास्त तापतात, म्हणून तिकडे सुरुवातीला मुद्दाम कमी भरतो.

"मी एवढ्या हळू चालवतोय, तापेल कुठून?" मामा म्हणाला. त्याने ती फेरी पूर्ण केली, गाडी पिटमध्ये आणून बरोबर खुणेवर उभी केली, वायपर बंद केला आणि खुर्ची मागे सरकवली.

"पुढच्या डाव्यात पाऊण पॉइंट घाल."

मी घातली. तो परत पुढे सरकला आणि त्याने वायपर चालू केला.